नागोबाने दिलेला वेल

आमच्या आबाजींबद्दल वाईट बोलणारं माणूस सोनाळ्यात शोधूनही सापडायचं नाही. एक मी आहे. पण मी पडले लेकीची लेक, माझं बोलणं कोण मनावर घेतो? गेल्या वर्षी पानबाजाराच्या कमानीला त्यांचं नाव दिलं. मामेभावाने निरोप धाडला, 'अक्का, दोन शब्द बोलायले या.' मी गेले नाही. दोन शब्दांत मावेल असं माझ्याकडे काही नव्हतं, आणि जे होतं ते ऐकवलं असतं तर कमान राहिली बाजूला, भाऊबंदांनी मलाच गावाबाहेर काढलं असतं.

आबाजी म्हणजे माझ्या आईचे वडील. नाव कडूबा. आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून याला तरी दृष्ट लागू नये यासाठी आईबापांनी हे नाव ठेवलेलं. बोलणं मात्र खडीसाखर. मानमोडीच्या साथीत लोक सख्ख्या भावाच्या मयताला हात लावायला भीत होते, तेव्हा या माणसाने स्वतःची बैलगाडी जुंपून मयतं वाहिली, हिंदूंचीही आणि मुसलमानांचीही. गावात लग्न कुणाकडेही असो, विड्याच्या पानांची टोपली कडूबाच्या घरून जायची आणि किंमत विचारली की ते रागवायचे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. एकदा शेतकी खात्याचा गोरा साहेब पानमळा पाहायला आला, तर आबाजींनी हात जोडून त्याला मळ्याच्या तोंडाशी थांबवलं आणि बूट काढायला लावले. नागवेलीच्या मळ्यात पायताण चालत नाही, मग तो साहेब का असेना. साहेब बिचारा मोजे घालून चिखलातून फिरला. ही गोष्ट गाव अजून सांगतं, आणि दर वेळी साहेबाचा हुद्दा एका पायरीने वाढतो.

हे सगळं खरं आहे, मी नाही म्हणत नाही. मला त्यांनी खांद्यावर बसवून सबंध गाव हिंडवलंय. नांदुऱ्याहून येताना माझ्यासाठी पेढे आणायचे आणि मामाच्या पोरांना कळायच्या आत माझ्या ओच्यात टाकायचे. मला ते फार आवडत. राग आहे तो त्यामुळेच. वाईट माणसाने वाईट केलं तर दोन शिव्या हासडून मोकळं होता येतं. या माणसाला शिवीही देता येत नाही.

धंदा त्यांनी शून्यातून उभा केला, हेही खरं. तरुणपणी ते दुसऱ्याच्या मळ्यात सालदार होते. सोनाळ्यात पान तेव्हाही व्हायचं, पण जाडंभरडं, तिखट. आसपासच्या बाजारात खपायचं आणि तिथेच संपायचं. लग्न झाल्यावर आबाजींनी मक्त्याने वावराचा एक तुकडा घेतला आणि त्यात कपुरीचा वेल लावला. लांबट, पातळ, जिभेवर विरघळणारं पान. शेवरीच्या झाडांच्या आधाराने वेल चढले, आणि काही वर्षांत पानांच्या टोपल्या बैलगाडीने नांदुऱ्याच्या स्टेशनावर आणि तिथून रेल्वेने खंडव्या-बऱ्हाणपुरापर्यंत जाऊ लागल्या. नांदुऱ्याचे व्यापारी गुलजारशेठ पहिल्या टोपलीपासून त्यांचे गिऱ्हाईक. गावातल्या कितीतरी घरांची चूल आबाजींच्या मळ्यावर पेटू लागली. त्यांनी मागेल त्याला काम दिलं. फक्त बेणं, म्हणजे लावणीसाठी लागणारा वेलाचा तुकडा, कुणाला दिलं नाही.

हा वेल त्यांना मिळाला कुठून, हे ते स्वतः रंगवून सांगत. नागपंचमीच्या दिवशी आमच्यात पान खुडत नाहीत. अशाच एका नागपंचमीला सालदार कडूबा बांधावर झोपला असताना नागोबा स्वप्नात आला आणि म्हणाला, सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्याच्या काठी जा, तुझं नशीब तिथे वाट पाहतंय. कडूबा गेला, तर उंबराला वेढे घालून कपुरीचा वेल! लोक हात जोडून ऐकत. दर नागपंचमीला गावच्या बाया मळ्यातल्या पहिल्या शेवरीपाशी दूध ठेवून जात. माझी आजी, मनकर्णाबाई, ही गोष्ट सुरू झाली की उठून चुलीकडे जायची. आम्हाला वाटायचं, शंभरदा ऐकलेली गोष्ट, कंटाळली असेल.

मळ्याची खरी कारागिरी बायांच्या हातात. वेल लव्हाळ्याने शेवरीला बांधायचा, घट्ट नाही आणि सैलही नाही. वर्षाकाठी त्याची उतरण करायची, म्हणजे उंच गेलेला वेल खाली घेऊन, वेटोळं करून मातीत पुरायचा, की तो पुन्हा नव्याने फुटतो. हे आजीने शिकवलं ते सुनेला, माझ्या मामीला. लेकीला नाही. आबाजींचा तसा दंडकच होता. ते म्हणत, सून मेल्यावरच घराबाहेर जाते. लेक आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार, आणि डोक्यात भरलेली विद्या कुणाला काढून घेता येते का? म्हणून माझी आई, झुंबर, त्यांची एकुलती एक लाडकी लेक, मळ्याच्या कुडाबाहेर उभी राहून मोठी झाली.

तिच्या लग्नात आबाजींनी खर्चाला हात आखडला नाही. सनई आणली, पंगती उठवल्या. पण पाठवणीच्या वेळी लेकीची ओटी भरायला जी पानं आणली, त्या प्रत्येक पानाचा देठ आबाजींनी स्वतः बसून खुडला होता. ओटीचं पान, पूजेचं पान देठासकट असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. देठ खुडायचा तो खाताना. पण देठाबरोबर एखादा डोळा, म्हणजे कोंब फुटायची गाठ, गेला आणि व्याह्यांच्या परसात वेल फुटला तर? आता नुसतं पान मातीत लावून वेल होत नाही, डोळ्याचा तुकडाच लागतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! तरी खुडले. आईची सासू भर मांडवात म्हणाली, "पोरगी देऊन राह्यले का खाऊन थुकून राह्यले?" आबाजी हसले आणि म्हणाले, आमच्या घरची रीत आहे. ती रीत त्या दिवसापर्यंत कुणी पाहिली नव्हती.

पुढे मी झाले, आणि मी रांगत असतानाच वडील तापाने गेले. सासरच्यांना कारण हाताशीच होतं. बिनदेठाची पानं घेऊन आलेली सून, दुसरं काय होणार? आईला त्यांनी मला कडेवर देऊन गाडीत बसवलं. आबाजी वेशीपर्यंत सामोरे आले, लेकीला मिठीत घेऊन लहान पोरासारखे रडले आणि चारचौघांत म्हणाले, "हे घर तुहं हाय, झुंबर. म्या हाय तोवर तुले कोनी उठ म्हननार नाई." तो शब्द त्यांनी पाळला. ताटात पहिली भाकर आईला, दिवाळीचं पहिलं लुगडं आईला.

पण ते ताट वाढायची मामी. अन्नपूर्णाबाई नावाची, आणि वाढतानाही नावासारखीच. फक्त वाढता वाढता बोलायची. शेषरावमामा बायकोपुढे मुका. आई पडेल ते काम करायची, जात्यावर बसायची, शेण काढायची, पण ज्या मळ्यावर सगळं घर जगत होतं त्यात तिला पाऊल टाकायची सोय नव्हती. तिला एकच हवं होतं. मळ्याच्या कडेचा एक वाफा. त्यात ती वेल बांधेल, पान खुडेल, स्वतःचं आणि माझं पोट भरेल, आणि आबाजींच्या मागे कुणाच्या वाढण्याची वाट पाहणार नाही. कुडाबाहेर उभं राहून राहून ती सगळं शिकली होतीच.

एका उन्हाळ्यात धीर करून तिने विचारलं. आबाजी जेवून ओसरीवर बसले होते.

"बा, कडंचा एक वाफा मले दे. नावावर नको करू. नुस्ता कसू दे."

आबाजींनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "काऊन बाई? काई कमी पडून राह्यलं का तुले?"

"कमी नाई. पन माहं म्हनून काई नाई."

"घर तुहं हाय ना? मळा नको मांगू. मळा लेकीचा नसते."

इतक्या मायेने नाही म्हणणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आई उठून आत गेली. मामीने दाराआडून सगळं ऐकलं होतं.

त्याच वर्षी दिवाळीआधी गुलजारशेठ नांदुऱ्याहून आले. एरवी आले की अंगणातूनच हाका मारत. त्या दिवशी गप्प येऊन बसले. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक पान काढून आबाजींच्या हातात दिलं.

"कडूबाभाऊ, चावून पाहा."

आबाजींनी चावलं. "माहंच तं हाय. काऊन?"

"तुमचं नाई. शेगावले एका दलालापाशी टोपली आलती. कोन्या गावची, सांगून नाई राह्यला. पर बेणं तुमचंच हाय भाऊ, दुसरं असूच नाई शकत. नाराज नका होऊ, मले वाटलं तुमाले सांगावं."

शेठ गेले तशी आबाजींनी आईला हाक मारली. सगळं घर अंगणात जमलं. मी आईच्या लुगड्याला धरून उभी होते. तो आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

"बेणं कोनाले देलं?"

आईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "बा, म्या कधी कुडाच्या आत पाय तरी ठेवला का?"

"वाफा कोन मांगत होतं? मागं त्याईनं देराच्या लग्नाले बलावलं तवा सासरी कोन गेल्तं? त्याईच्या वावरात विहीर हाय, मले माहीत नाई का?"

"म्या नाई नेलं, बा. माह्या लेकीची शप्पथ, म्या नाई नेलं."

मामी खांबाला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "लेकरावर हात ठेवून खोटी शप्पथ घेऊ नये, वन्सं." मामा जमिनीकडे पाहत होता. मराठीत म्हण आहे, लेकी बोले सुने लागे. आमच्या अंगणात बोलणं लेकीला आणि लागणंही लेकीलाच.

तेव्हा आजी चुलीपासून उठून बाहेर आली. जन्मभरात नवऱ्यापुढे तिचा आवाज चढल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तेव्हाही चढला नाही.

"लेकीनं बेणं नेलं तं एवढं काऊन झोंबून राह्यलं तुमाले? तुमचा मळा कशावर उभा हाय? सांगू का आता सगळ्यायले? अकोटाकडं माह्या बापाचा मळा होता. तुमी सालदार. लगनाच्या आंधी तुमीच निरोप धाडला का येताना बेणं घेऊन ये. म्या अंबाड्यात ओल्या चिंधीत वेल गुंडाळून आनला, वरून फुलं माळली. नागोबा कवा आलता तुमच्या सपनात? बापाले समजलं तवापासून त्यानं माहं तोंड नाई पाह्यलं. मेला तरी मले सांगावा नाई आला. माहेर गेलं माहं या मळ्यापाई, आन दूध नागोबाले!"

मला वाटलं, आता आबाजी खाली मान घालतील. आईलाही तेच वाटलं असणार, कारण ती रडायची थांबली होती. आबाजींनी आजीकडे पाहिलं, मग आईकडे.

"म्हनूनच तं म्हनतो," ते म्हणाले. "लेकी काय नेतात ते माह्यापरीस कोनाले जास्त ठाऊक हाय?"

आजी आत गेली. त्या दिवसानंतर तिने मळ्यात पाऊल टाकलं नाही, आणि नागपंचमीला दूधही नेलं नाही. गावाने म्हटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. अंबाड्यातल्या वेलाची गोष्ट अंगणाबाहेर गेली नाही. मामाने आणि मामीने ती गिळून टाकली, कारण नागोबाच्या नावावर धंदा चालत होता.

आई मला घेऊन बुलढाण्याला गेली. आबाजींनी जा म्हटलं नव्हतं. राहाही म्हटलं नाही. ओळखीने तिला शिकणाऱ्या पोरांच्या एका बोर्डिंगात भाकरी थापायचं काम मिळालं. मागे एक खोली, पत्र्याची. उन्हाळ्यात चुलीपुढे तिचे हात कोपरापर्यंत भाजून निघत. मळ्यातल्या सावलीत वेल बांधण्यासाठी जन्मलेले हात ते. मला ती शाळेत घालून रोज संध्याकाळी एकच सांगायची, की आपण चोरी केलेली नाही, तेव्हा मान खाली घालून चालू नको. स्वतः मात्र सोनाळ्याकडचं कुणी भेटलं की रस्ता बदलायची. सोनाळ्याच्या माणसांत ती बापाच्या घरी चोरी करणारी लेक होती, आणि बाप देवमाणूस होता. देवमाणसाचं खोटं असतं होय?

दोन-अडीच वर्षांनी, हिवाळ्यात, आबाजी आले. वावराच्या कामासाठी कचेरीत तारीख होती. मलकापुरावरून मोटारीने घाट चढून आलेले, धोतर धुळीने माखलेलं, हातात पानांची छोटी टोपली आणि माझ्यासाठी पेढे. आईने पाणी दिलं, पाट मांडला. आवडतं म्हणून पिठलं केलं, वर लसणाची फोडणी. ते पोटभर जेवले, 'हाताले चव मनकर्णीचीच हाय' म्हणाले. माझी पाटी पाहिली, केसांवरून हात फिरवला. आई सारखी त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ते काहीतरी विचारतील, निदान एवढं तरी विचारतील की झुंबर, खरं काय ते आता सांग. मोटारीची वेळ झाली तसे ते उठले. आईला राहवलं नाही.

"बा, तुले अजून बी तसंच वाटते का? म्या नाई नेलं रे."

आबाजींचे डोळे भरून आले. खोटं रडत नव्हते, मी समोर होते. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला.

"जाऊ दे बाई. झालं ते झालं. म्या तुले माफ केलं."

आणि माझी आई, जिने काही केलेलं नव्हतं, तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. ते गेल्यावर तिने टोपलीतलं एक पान देवापुढे ठेवलं. त्या दिवसापासून ती सोनाळ्याचं माणूस दिसलं तरी रस्ता बदलीनाशी झाली. बापाने माफ केलं ना, मग जगाचं काय? बोर्डिंगातल्या बायांना ती सांगायची, "माह्या बाचं काळीज लय मोठं हाय." मला ते ऐकून बरं वाटायचं. मी पोर होते.

आणखी चार वर्षांनी आबाजी वारले. दुसरी मोठी लढाई संपायच्या सुमाराची गोष्ट. आम्ही सोनाळ्याला पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. लोक सांगत होते, मयताला सबंध पंचक्रोशी लोटली, गुलजारशेठ नांदुऱ्याहून आले आणि तिरडीला खांदा दिला. तेरवीला अंगणात पंगत बसली होती. मामीचा भाऊ महादेवराव, तेल्हाऱ्याकडचा, पंगतीत बसला होता. जेवण झाल्यावर त्याने पानांचं तबक फिरवायला घेतलं, आणि कुणीतरी पान तोंडात टाकून म्हणालं, "वा, मळा अजून तस्साच हाय कडूबाचा."

"हे माह्या मळ्याचं हाय," महादेवराव म्हणाला. सहज म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. "ताईनं देलतं बेणं, भाऊबीजेले. आता माह्या घरी बी दहा वाफे हायेत."

आई पाणी वाढत होती. तांब्या तसाच हातात घेऊन ती स्वयंपाकघरात आली. तिथे आजी कोपऱ्यात बसली होती, पांढऱ्या कपाळाची. मी आईच्या मागे होते.

जिला जन्मभर राखली, शिकवली, मळ्याच्या आत घेतली, ती सूनही कुणाची तरी लेक होती आणि तिलाही एक भाऊ होता. लेकीचा देठ खुडणाऱ्या शहाण्याच्या हे कधी डोक्यात आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. मला वाटलं, बिचारे आबाजी, शेवटपर्यंत अंधारात राहिले. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "माय, हे बाले समजलं असतं तं? जीव तरी शांत झाला असता त्याचा."

आजी म्हणाली, "समजलं होतं त्याले."

"कवा?"

"तू गेल्यावर दुसऱ्या पोळ्याले. सोताच गेलता हुडकत हुडकत. महादेवरावाच्या मळ्यात उभा राहून आला."

आईने तांब्या खाली ठेवला. "मंग मले काऊन नाई बलावलं?"

"म्या बी तेच म्हनलं. रोज म्हनलं. तं म्हने, सुनेले बोल लावला तं पोरगा तिच्यासंग जाईन, घर मोडीन. लेकीचं काय, ते तं तशीबी गेलेलीच हाय."

बाहेर पंगतीत आबाजींचं नाव घेऊन जयजयकार चालला होता. आई मनात वर्षं जुळवत होती, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दुसरा पोळा. आणि त्याच्यानंतरच्या हिवाळ्यात कचेरीतली तारीख.

"म्हंजे बुलढान्याले आलता तवा..."

"हाव," आजी म्हणाली.

आई चुलीपुढे बसली. तिने दोन्ही तळहात समोर धरून पाहिले, भाजून काळे पडलेले.

"तवा म्या त्याच्या पायावर डोकं ठेवलं होतं, माय," ती म्हणाली.